तरुणांचे अध्यात्म : नवस, तंत्र की विवेक?

परीक्षांचा हंगाम आला की सांगलीच्या गणपती मंदिरातील सकाळच्या गर्दीचे सरासरी वय एकदम खाली येते. पाठीला सॅक, हातात पारदर्शक पाऊच आणि त्यात हॉल तिकीट घेतलेली मुले-मुली गाभाऱ्यासमोर क्षणभर डोळे मिटतात आणि घड्याळाकडे पाहत घाईने बाहेर पडतात. तिकडे साताऱ्यात पावसाळी रविवारी ठोसेघरच्या धबधब्याकडे निघालेल्या मोटारसायकली वाटेत सज्जनगडाच्या पायथ्याशी थांबतात. समर्थांच्या समाधीपुढे हात जोडले जातात, प्रसाद घेतला जातो, तटावर उभे राहून छायाचित्रे काढली जातात. तरुण पिढी देवाधर्मापासून दुरावली, अशी तक्रार करणाऱ्यांनी ही दोन दृश्ये जरूर पाहावीत.

तथापि याच मुलामुलींना 'अध्यात्म म्हणजे काय?' असा थेट प्रश्न विचारला की उत्तर देताना ती गोंधळतात. देव आहे की नाही, याविषयी त्यांना ठाम मत असते. उपवास कोणत्या वारी करावा, हे घरातून ठाऊक असते. परंतु अध्यात्म या शब्दाने नेमके काय सुचवायचे, याचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर शाळेत आलेली नसते आणि महाविद्यालयातही येत नाही. हा गोंधळ केवळ शब्दार्थाचा असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अठरा ते बावीस या वयात मनुष्य पहिल्यांदा अपयश, एकटेपणा आणि भविष्याची धास्ती यांना स्वतःच्या बळावर सामोरा जातो. अशा वेळी आधारासाठी तो ज्याच्याकडे हात पुढे करतो, ते त्याला उभे करणारे आहे की अधिक परावलंबी करणारे, याचा निवाडा त्याला करता आला पाहिजे. हा निवाडा करण्याची शक्ती आपण त्याला देतो का, हा खरा प्रश्न आहे.

उत्तरांचे प्रकार

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना ढोबळमानाने चार उत्तरे कानी येतात. पहिले उत्तर वयाचे असते. अध्यात्म म्हणजे निवृत्तीनंतरचा उद्योग. आजोबांनी ज्ञानेश्वरीचे पारायण करावे, आजीने गोंदवल्याला जाऊन यावे आणि नातवंडांनी अभ्यास करावा, अशी ही घरगुती कामवाटणी आहे. दुसरे उत्तर आचाराचे. संकष्टी, गुरुवारचा उपवास, शनिवारी मारुतीला तेल, जैन घरांतील पर्युषणाचे उपवास, मुस्लिम घरांतील रमजानचे रोजे, हे सारे पाळणे म्हणजेच अध्यात्म, असे या उत्तरात गृहीत असते.

तिसरे उत्तर नवे आहे आणि ते विशेषतः स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून ऐकू येते. ध्यान, प्राणायाम, एकाग्रता, 'पॉझिटिव्ह' राहणे, म्हणजे अध्यात्म. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय योग दिनाने आणि मोबाइलवरील प्रवचनांनी या अर्थाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. चौथे उत्तर नकाराचे. अध्यात्म म्हणजे बुवाबाजी, भोळ्यांची फसवणूक; शिकलेल्या माणसाने त्यापासून दूर राहावे. याखेरीज अलीकडे एक पाचवे उत्तर मिरवणुकांतून व्यक्त होते. ते कोणी शब्दांत मांडत नाही, पण त्याचा आशय असा की, अध्यात्म म्हणजे आपल्या समाजाची अस्मिता आणि तिचे जाहीर प्रदर्शन.

यांपैकी कोणतेही उत्तर सर्वस्वी खोटे नाही. वय वाढते तसे मन अंतर्मुख होते, हे खरे. आचारातून श्रद्धेला वळण लागते, हेही खरे. ध्यानाने चित्त स्थिर होते, फसवणूक होते आणि श्रद्धा समाजाला बांधून ठेवते, ही सारी अनुभवाची गोष्ट आहे. परंतु पहिल्या तीन उत्तरांच्या तळाशी एक समान सूत्र सापडते. 'यातून मला काय मिळेल?' हे ते सूत्र. नवसातून गुण मिळतील, ध्यानातून एकाग्रता मिळेल, म्हातारपणी मनःशांती मिळेल. देवाणघेवाणीचा हा हिशेब तरुणांनी शोधून काढलेला नाही. ज्या वयात प्रत्येक गोष्टीचे मूल्य टक्केवारीत आणि पॅकेजमध्ये सांगितले जाते, त्या वयात अध्यात्मही त्याच मापाने मोजले जावे, यात नवल ते काय?

येथे श्रद्धा कमी झालेली नाही, हे आकडेही सांगतात. अमेरिकेतील 'प्यू' या संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांचे प्रमाण हिंदूंमध्ये ७७ टक्के होते आणि मुस्लिमांमध्येही तेवढेच. अमेरिकेत याच संस्थेच्या २०१७ मधील पाहणीत २७ टक्के प्रौढांनी 'आम्ही आध्यात्मिक आहोत, पण धार्मिक नाही' असे स्वतःचे वर्णन केले होते. आपल्याकडील विद्यार्थी अशी विभागणी क्वचितच करतो. त्याच्या लेखी देव, धर्म, संस्कार, योग आणि अध्यात्म हे एकाच गाठोड्यातील कपडे आहेत. उणीव आहे ती श्रद्धेची नसून, हे गाठोडे सोडून त्यातील एकेक वस्तू पारखण्याच्या सवयीची.

वस्तुतः 'अध्यात्म' या शब्दाविषयीची जिज्ञासा नवी नाही. गीतेच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन हाच प्रश्न विचारतो आणि त्याला मिळणारे उत्तर आपल्या 'स्वभावा'कडे, म्हणजे स्वतःच्या मूळ भावाकडे निर्देश करते. भाष्यकारांचे त्यावर मतभेद आहेत, ते असोत. रणांगणावर उभ्या असलेल्या शिष्याने शब्दाचा अर्थ विचारला आणि गुरूने तो विचारू दिला, एवढी गोष्टही आजच्या वर्गखोलीला पुरेशी बोधप्रद आहे.

एक महाविद्यालय, दोन प्रश्नकर्ते

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला दूर जाण्याची गरज नाही. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय आहे. त्याची स्थापना १९१९ ची. या महाविद्यालयाच्या इतिहासात दोन नावे अशी आहेत की, त्यांचा उल्लेख सहसा एका वाक्यात होत नाही.

पहिले नाव गुरुदेव रा. द. रानडे यांचे. जमखंडी येथे १८८६ मध्ये जन्मलेले रानडे पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले; त्यापूर्वी त्यांनी विलिंग्डनमध्ये अध्यापन केले होते. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज हे उमदीचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातले. विद्यार्थिदशेतच रानड्यांनी त्यांच्याकडून नाम घेतले. दुसरे नाव डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे. साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून बाहेर पडलेला हा विद्यार्थी विलिंग्डनमध्ये शिकला, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला, कबड्डीच्या मैदानावर त्याने नाव कमावले आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. एक साक्षात्कारवादी तत्त्वज्ञ, दुसरा विवेकवादी कार्यकर्ता. एका इमारतीच्या छायेत यांची नावे यावीत, हा निव्वळ योगायोग मानला तरी तो विचार करायला लावणारा आहे.

रानडे यांचा महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारवादावरील इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रारंभीच त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली आहे. साक्षात्कारवाद म्हणजे ईश्वराची साक्षात, प्रत्यक्ष आणि स्वतःला आलेली अनुभूती. गूढ चमत्कारांशी त्याची गल्लत करण्याचे कारण नाही, असा त्यांचा आग्रह होता. एवढेच सांगून ते थांबत नाहीत. ही अनुभूती खरी की भासमान, हे ठरवण्याच्या कसोट्याही ते मांडतात. बुद्धी, भावना आणि नीती या तिन्ही अंगांनी तिचा कस लागावा, असे त्यांना वाटे. बुद्धी मंद करणारा किंवा आचरण ढिले करणारा अनुभव त्यांच्या लेखी कसोटीला उतरणारा नव्हता.

दाभोलकरांची भूमिका दुसऱ्या टोकाची मानली जाते. पण ती नीट पाहिली तर वेगळेच दिसते. देव-धर्माला विरोध हे त्यांच्या समितीचे उद्दिष्ट नव्हते. देवाधर्माच्या नावाने होणारे शोषण थांबवणे, वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे आणि धर्माची विधायक चिकित्सा करणे, हे ते उद्दिष्ट होते. समितीचे काम करत असतानाच साताऱ्यात त्यांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचे केंद्रही उभारले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्या खटल्यात १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली.

या दोघांत मतभेद नव्हते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. ईश्वर हा एकासाठी अनुभवाचा विषय होता. दुसऱ्यासाठी त्या अनुभवाला पुरावा नव्हता. परंतु चमत्कार हे अध्यात्माचे प्रमाणपत्र नव्हे, बुद्धी गहाण टाकू नये आणि माणसाची परीक्षा त्याच्या वर्तनावरून करावी, या तीन गोष्टींवर दोघेही उभे होते. आजचा विद्यार्थी मात्र 'तुम्ही श्रद्धावान की नास्तिक?' या एकाच प्रश्नात अडकला आहे. त्याला शिकवायला हवी ती दुसरी सीमारेषा. जी श्रद्धा प्रश्न विचारू देते ती एका बाजूला आणि जी प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवते ती दुसऱ्या बाजूला. हाच निकष नकारालाही लागू करावा लागेल. न वाचता, न तपासता केलेला उपहास हा काही वैज्ञानिक दृष्टिकोन नव्हे.

गडावरचा निकष

'ही आधुनिकांची भाषा झाली, परंपरा तर मुकाट्याने मानायला सांगते,' असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. परंतु सज्जनगडावर छायाचित्र काढून परतणाऱ्या मुलाने दासबोध उघडला, तर त्याला आश्चर्य वाटेल. वीस दशक आणि दोनशे समास असलेल्या या ग्रंथात गुरुलक्षणासाठी स्वतंत्र समास आहे आणि त्याचा प्रारंभच करामती दाखवणाऱ्या गुरूंच्या उल्लेखाने होतो. असे चमत्कारवाले आणि मोक्षदाता सद्गुरू यांत समर्थ स्पष्ट भेद करतात. दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर ते 'पढतमूर्खा'साठी वेगळा समास खर्ची घालतात. पुष्कळ शिकलेला, बोलण्यात चतुर, पण वागण्यात विसंगत असा हा मनुष्य कोणत्याही महाविद्यालयात सहज भेटेल. बाराव्या दशकाचे तर नावच विवेक-वैराग्य असे आहे आणि त्याच्या आरंभी आधी प्रपंच नेटका करण्याचा उपदेश आहे. म्हणजे अध्यात्म हा म्हातारपणचा उद्योग असल्याचे मत किमान समर्थांच्या ग्रंथावर तरी आधारता येत नाही. त्यांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक आजच्या सातारा जिल्ह्यात, तर बहे आणि शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात आहेत. बलोपासनेचे हे दैवत तरुणांसमोर ठेवणारा संत त्यांना प्रपंच सोडायला सांगत नव्हता.

माण तालुक्यातील गोंदवले हे दुसरे उदाहरण. श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज यांचा काळ १८४५ ते १९१३ असा. नामस्मरण हा त्यांच्या उपदेशाचा गाभा. परंतु पावसाने सतत हुलकावणी दिलेल्या त्या दुष्काळी मुलखात त्यांनी अन्नदानालाही तेवढेच महत्त्व दिले आणि ती प्रथा गोंदवल्यात आजही चालू आहे. परीक्षेच्या आधी जप करणाऱ्या विद्यार्थ्याला नाम ठाऊक असते. त्याच्या जोडीला आलेली पंगत मात्र त्याच्या अध्यात्माच्या व्याख्येत क्वचितच शिरते.

वाईचे उदाहरण आणखी वेगळे. तेथील प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने शास्त्राध्ययन केलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी 'हिंदुधर्माची समीक्षा' लिहिली, धर्मकोशाचे काम पाहिले आणि पुढे मराठी विश्वकोशाची धुरा वाहिली. धर्मग्रंथांचा इतका सखोल अभ्यास असलेल्या माणसाला धर्माची चिकित्सा करताना भीती वाटली नाही. ज्याला आपला वारसा ठाऊक नसतो, त्यालाच प्रश्नांची भीती अधिक वाटते, असे त्यांच्या चरित्रावरून म्हणता येईल.

वसतिगृहातील पंगत

१९१९ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी कराडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला जेवत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले, ही हकिकत साताऱ्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते.

भाऊराव हे जैन कुटुंबातले, सत्यशोधकी विचारांत वाढलेले. त्यांनी आपल्या संस्थेत अध्यात्माचा तास ठेवला नव्हता. तथापि सर्वांभूती एकच तत्त्व आहे, असे प्रवचनात ऐकणे आणि कालपर्यंत ज्याच्या सावलीचा विटाळ मानला त्याच्या हातची भाकरी खाणे, यांत अधिक आध्यात्मिक काय, याचे उत्तर कठीण नाही. कराडला १९५४ मध्ये रयतने महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. ज्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नाही, त्यांचे नाव महाविद्यालयाला! गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांतून चाले. ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. नवस, पशुबळी, कर्ज काढून केलेले सण, या साऱ्यांची उलटतपासणी ते भजनाच्या ठेक्यावर करीत. कीर्तन संपल्यावर आणि अनेकदा कीर्तनाआधीही, हातात खराटा असे. प्रश्न विचारणारे अध्यात्म कसे असते, याचा याहून सुबोध धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

मिरजेत हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तेथे गायला बसणाऱ्या तरुण कलाकाराचा धर्म कोणी विचारत नाही आणि श्रोत्यांचाही विचारत नाही. ज्या गावात तंबोरे घडवणारे कारागीर आणि त्यांवर भजन गाणारे भक्त वेगवेगळ्या धर्मांचे असू शकतात, त्या गावच्या विद्यार्थ्याने अध्यात्म म्हणजे अस्मितेचे प्रदर्शन, असे मानावे, हे दुर्दैव आहे.

धोका कोठे आहे?

इतका समृद्ध वारसा भोवताली असताना तरुण गोंधळलेला का? कारणे अनेक आहेत. एकत्र कुटुंबे विखुरली, गावचे सप्ताह अनेक ठिकाणी ध्वनिवर्धकांच्या स्पर्धेत बुडाले, शिक्षकांचा वेळ अहवाल भरण्यात जाऊ लागला. विज्ञान शाखेच्या मुलाला बारावीनंतर तत्त्वज्ञान किंवा साहित्य यांचे पुस्तक सक्तीने कधी उघडावे लागले नाही. या रिकाम्या जागेत मोबाइल आला. अर्ध्या-एक मिनिटाच्या चित्रफितीत जीवनाचे सार सांगणारे वक्ते आले. त्यांतील काही प्रामाणिक आहेत, काही व्यापारी. दोघांतील भेद ओळखण्याचे साधन मात्र पाहणाऱ्याच्या हाती नाही.

याचे परिणाम केवळ वैचारिक नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. प्रत्येक घटनेमागची कारणे निराळी असतात आणि अध्यात्माच्या अभावावर त्यांचे खापर फोडणे हा क्रूर उथळपणा ठरेल. निराशेने ग्रासलेल्या मुलाला प्रथम गरज असते ती ऐकून घेणाऱ्या माणसाची आणि वैद्यकीय मदतीची. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर लिहिलेली असावी. अशा मुलाला 'जप कर, सारे ठीक होईल' एवढेच सांगून परत पाठवणे, हा नामाचाही अवमान आहे. नामाने धीर येत असेल, तर तो अवश्य घ्यावा. पण औषधाच्या जागी नाम ठेवू नये आणि प्रयत्नांच्या जागी नवस ठेवू नये.

दुसरा धोका शोषणाचा. अपयशाने खचलेला, घरी बोलण्याची सोय नसलेला तरुण हा कोणत्याही भोंदूला सोपा असतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यावर वर्षानुवर्षे वादंग माजले होते आणि हा कायदा वारी-कीर्तनावर घाला घालणार, अशी भीती पसरवली गेली होती. प्रत्यक्षात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन या गोष्टींना कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे. चमत्काराचा दावा करून फसवणे, भुताखेताच्या नावाने मारहाण करणे, वैद्यकीय उपचारापासून रोखणे अशा अनुसूचीतील कृत्यांना तेवढे शिक्षापात्र ठरवले आहे. उपासना आणि शोषण यांतील रेषा विधिमंडळाने आखून दिली. ती वर्गात समजावून सांगण्याचे काम मात्र अजून नीट झालेले नाही. घटनेच्या ५१(अ) कलमानुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. त्या वाक्यात मानवतावादही आहे, याचा विसर विज्ञानवाद्यांना पडू नये आणि शोधक बुद्धीही आहे, याचा विसर श्रद्धावंतांना पडू नये.

पुराच्या पाण्यातील परीक्षा

वर्गात न शिकवलेली गोष्ट कधी कधी प्रसंग शिकवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली आठवडाभर वेढली गेली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटून अनेकांचा जीव गेला. मंदिरे, मशिदी, बाजारपेठा, ग्रंथालये साऱ्यांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर जो चिखल उरला, तो उपसायला महाविद्यालयीन मुले-मुली पुढे आली. कोणी राष्ट्रीय सेवा योजनेतून, कोणी तालमीतून, कोणी मंडळातून, कोणी नुसतेच मित्रासोबत. घराघरांतून कुजलेले धान्य आणि भिजलेली वह्या-पुस्तके बाहेर काढताना घर कोणाचे, हे कोणी विचारले नाही.

त्याआधी २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत टिकाव-फावडे घेऊन चर खणणाऱ्यांत शिकणारी मुलेही होती. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे ब्रीद 'मी नव्हे, तुम्ही' अशा आशयाचे आहे. 'मला काय मिळेल?' या प्रश्नाचे याहून नेमके खंडन शोधूनही सापडणार नाही.

चिखल उपसणाऱ्या मुलांपैकी कोणालाही त्या वेळी विचारले असते की, हे अध्यात्म आहे का, तर त्याने हसून नकार दिला असता. नेमकी येथेच आपली गफलत होते. जे हातून घडते त्याला अध्यात्म म्हणायचे नाही आणि जे हातून घडत नाही त्याचीच प्रवचने ऐकायची, असा हा विचित्र प्रकार आहे. अर्थात, सेवा म्हणजेच संपूर्ण अध्यात्म असेही मानण्याचे कारण नाही. मृत्यू, दुःख, एकटेपणा, जगण्याचा हेतू यांविषयीचे प्रश्न फावड्याने सुटत नाहीत. त्यासाठी एकांत, वाचन आणि चिंतन लागतेच. परंतु सेवेने एक गोष्ट निश्चित साधते. 'मी'भोवती घट्ट बसलेली गाठ थोडी सैल होते. रानडे ज्याला नैतिक कसोटी म्हणत, तिची सुरुवात तेथून होते.

अभ्यासक्रमाच्या निमित्ताने

हा विषय आज तातडीचा का आहे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत भारतीय ज्ञानप्रणालीला स्थान मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के श्रेयांक या विषयाला असावेत, असे सुचवले आहे. मूल्यशिक्षणाचे अभ्यासक्रमही जोडीला आहेत. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील हजारो विद्यार्थ्यांना यामुळे परंपरेचा परिचय होण्याची संधी प्रथमच अधिकृतपणे लाभते आहे.

ही संधी दोन प्रकारे वाया जाऊ शकते. एक म्हणजे, पाच बहुपर्यायी प्रश्न आणि एक प्रकल्प एवढ्यात ती गुंडाळली जाईल. संतांचे जन्मसाल बिनचूक लिहून विद्यार्थी उत्तीर्ण होईल आणि सारे विसरेल. दुसरे म्हणजे, आपले ते सर्व श्रेष्ठ, एवढाच संदेश त्यातून दिला जाईल आणि अध्यात्माच्या नावाखाली अस्मितेचा आणखी एक तास भरेल. दोन्ही टाळायचे, तर अभ्यासक्रमाचा भर माहितीवरून चर्चेवर न्यावा लागेल.

यासाठी मोठा निधी नको. दासबोधातील गुरुलक्षणाचा समास आणि जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची एकाच तासाला शेजारी ठेवून वाचता येतील. गोंदवल्याचे अन्नछत्र, मिरजेचा दर्गा, साताऱ्याचे शाहू बोर्डिंग आणि वाईची प्राज्ञपाठशाळा यांची एकत्रित सहल काढता येईल. कीर्तनकार आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता यांना एका व्यासपीठावर बोलावून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू देता येतील. मुलींचा आवाज या चर्चेत आवर्जून हवा. कारण उपवासांचा आणि व्रतांचा भार बहुधा त्यांच्यावर पडतो आणि कोणत्या गाभाऱ्यात प्रवेश नाही, हे ठरवताना त्यांना कोणी विचारलेले नसते. ज्या विद्यार्थ्याला ईश्वर मान्य नाही, त्यालाही या वर्गात संकोच वाटता कामा नये. शिक्षकाने स्वतःचे मत लपवण्याची गरज नाही, पण ते गुणांशी जोडू नये, एवढी सभ्यता त्याने पाळलीच पाहिजे.

पालकांचीही जबाबदारी आहेच. हॉल तिकीट देवापुढे ठेवायला सांगणाऱ्या आईने निकालाच्या दिवशी, गुण कमी पडले तरी, तोच देव आणि तेच घर जागेवर आहे, असे मुलाला सांगितले, तर त्या नमस्काराला अर्थ येईल. नाहीतर नवस फसला म्हणून देवही गेला आणि आत्मविश्वासही गेला, अशी मुलाची अवस्था व्हायची.

परीक्षेच्या सकाळी गाभाऱ्यासमोर डोळे मिटणाऱ्या त्या मुलीला कोणी अडवू नये. तिच्या मनातील धास्ती खरी आहे आणि त्या क्षणी मिळणारा धीरही खरा आहे. मात्र तीन तासांनी पेपर संपवून ती बाहेर येईल, तेव्हा तिच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलणारे कोणीतरी तिच्या महाविद्यालयात असले पाहिजे. ज्या दोन जिल्ह्यांनी समर्थांपासून दाभोलकरांपर्यंत इतके परस्परविरोधी आणि तरीही विवेकाचा आग्रह धरणारे आवाज ऐकले, त्या जिल्ह्यांतील मुलांच्या वाट्याला केवळ नवस, तंत्र आणि मिरवणूक एवढेच अध्यात्म यावे, हे आपल्याला शोभणारे नाही.